धारातीर्थीं पडलेल्यांचें नांव

उद्देश: राष्ट्रें आपल्या मृत व हयात शिपायांचा मान कोणत्या रीतींनीं करितात, त्या रीती कशा पडल्या, त्यांत न्याय कोठें झाला व उणीव कोठें राहिली, आणि खेड्यांतील मंडळीनें ह्या कामीं काय करावें, हें समजून घेणें.



यहोशवाच्या पुस्तकाच्या चवथ्या अध्यायांतील बारा धोंड्यांची हकीकत आपणां सर्वांस ठाऊक आहे. यार्देन उतरून गेल्यावर, प्रत्येक वंशामागें एक, असे बारा धोंडे नदीच्या पात्रांतून उचलून आणिले व ते गिलगाल येथें उभे केले. हेतु हा कीं, पुढें मुलांनीं हे धोंडे कशाचे म्हणून विचारावें व वडिलांनीं त्यांस सांगावें. ह्या हकीकतींत दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, धोंडा आपण होऊन बोलत नाहीं. त्याच्या जवळ उभें राहून सांगणारें माणूस पाहिजे. दुसरी ही कीं, धोंडे बारा होते. थोर वंशास एक मोठा धोंडा आणि लहानास कांहींच नाहीं, असें झालें नाहीं. युद्धांत पडलेल्यांच्या स्मरणार्थ जगांत जे दगड उभे आहेत व जे दिवस पाळिले जातात, त्यांस आज ह्याच दोन कसोट्या लावून पाहूं.

१. दोन मिनिटांची शांतता

पहिलें महायुद्ध १९१४ सालीं पेटलें, आणि ११ नोव्हेंबर १९१८ रोजीं सकाळीं अकरा वाजतां पश्चिम आघाडीवरील तोफा थांबल्या. पुढच्या वर्षीं तो दिवस कसा पाळावा हा प्रश्न निघाला. दक्षिण आफ्रिकेंतील केप टाऊन शहरीं १९१८ सालींच अशी चाल पडली होती कीं, दुपारची तोफ उडाली म्हणजे रस्त्यांतील सर्व व्यवहार थांबावे व लोकांनीं कांहीं मिनिटें निःशब्द उभें राहावें. तेथील सर पर्सी फिट्झपॅट्रिक ह्यांचा मुलगा १९१७ सालीं फ्रान्सांत पडला होता. त्यांनीं ही चाल लंडनास कळविली, व पंचम जॉर्ज बादशहांनीं ७ नोव्हेंबर १९१९ रोजीं प्रजेस आवाहन केलें कीं, ११ तारखेस अकरा वाजतां सर्वांनीं दोन मिनिटें काम थांबवावें. त्या दिवशीं कारखान्यांतील यंत्रें व रस्त्यांतील गाड्या थांबल्या, आणि लोक टोप्या काढून उभे राहिले. तेव्हांपासून ही रीत अनेक देशांत चालत आली आहे.

ह्या रीतीचें सामर्थ्य तिच्या साधेपणांत आहे. भाषण एका भाषेंत करावें लागतें. गीत एका पंथाचें असतें. शांतता मात्र सर्वांची असते. जिला अक्षरओळख नाहीं अशी म्हातारीही तींत शिरूं शकते, आणि मोठ्या हुद्द्याच्या माणसासही तींत अधिक कांहीं बोलतां येत नाहीं.

२. रिकामी कबर व अनोळखी योद्धा

१९१९ च्या जुलै महिन्यांत लंडन येथें विजयाची मिरवणूक निघावयाची होती. तिच्या वाटेवर लाकूड व गिलावा ह्यांची एक तात्पुरती रिकामी कबर उभी केली होती; तिचा आराखडा एडविन लट्येन्स ह्या शिल्पकारानें केला होता. मिरवणूक संपल्यावर ती मोडून टाकावयाची होती. परंतु ज्यांच्या मुलांस कोठें मूठमाती मिळाली हें ठाऊक नव्हतें, असे हजारों आईबाप तिच्या पायथ्याशीं फुलें ठेवूं लागले. लोकांच्या इच्छेस मान देऊन तीच आकृति पक्क्या दगडांत बांधिली गेली व ११ नोव्हेंबर १९२० रोजीं तिचें अनावरण झालें. पडलेल्यांत ख्रिस्ती, हिंदु, मुसलमान, शीख व यहुदी असे सर्व होते, म्हणून त्या दगडावर कोणत्याही धर्माचें चिन्ह घातलेलें नाहीं.

त्याच दिवशीं वेस्टमिन्स्टरच्या मंदिरांत एका अनोळखी शिपायास पुरण्यांत आलें. ही कल्पना डेव्हिड रेल्टन नांवाच्या लष्करी पाळकाची. १९१६ सालीं फ्रान्सांत एका बागेंत त्यांनीं लाकडी क्रूस असलेली एक कबर पाहिली. क्रूसावर शिसपेनीनें लिहिलें होतें कीं, हा एक अनोळखी ब्रिटिश शिपाई आहे. तें दृश्य त्यांच्या मनांतून गेलें नाहीं. युद्धानंतर त्यांच्या सूचनेवरून निरनिराळ्या रणभूमींतून अनोळखी प्रेतें काढण्यांत आलीं, व त्यांतून एक निवडण्यांत आलें. तो सरदार होता कीं साधा शिपाई, श्रीमंताचा मुलगा होता कीं मजुराचा, हें कोणासही कळूं दिलें नाहीं. बादशहा त्याच्या पेटीमागून पायीं चालत गेले. ज्यांचे पति व सर्व मुलगे युद्धांत गेले, अशा सुमारें शंभर स्त्रियांस त्या प्रसंगीं मानाची जागा दिली होती. नांव हरवलेल्या माणसास राजांच्या पंक्तीस निजविलें, ह्यामुळें देशांतील प्रत्येक दुःखी मातेस तो आपलाच मुलगा असेल असें म्हणतां आलें.

३. एकाच मापाचे दगड

ह्या दोन्ही गोष्टींहून विशेष महत्त्वाची तिसरी आहे. ११ नोव्हेंबरच्या पूर्वींच, म्हणजे २१ मे १९१७ रोजीं, साम्राज्य युद्धसमाधि आयोग स्थापन झाला होता. १९६० पासून त्यास राष्ट्रकुल युद्धसमाधि आयोग म्हणतात. फेबियन वेअर हे त्याचे प्रवर्तक. फ्रेडरिक केनियन ह्यांनीं १९१८ सालीं आयोगासाठीं जो अहवाल लिहिला, त्यावरून पुढील तत्त्वें ठरलीं: प्रत्येक मृताचें नांव थडग्यावर किंवा स्मारकावर असावें, स्मारकें कायमचीं असावीं, दगड एका मापाचे असावेत, आणि हुद्दा, वंश व धर्म ह्यांवरून भेद करूं नये.

हें सहज मान्य झालें नाहीं. ज्यांजवळ पैसा होता अशीं कांहीं घराणीं म्हणालीं कीं, आम्हीं आमच्या मुलाचें प्रेत घरीं आणूं, अथवा त्यावर आमच्या इतमामास साजेल असें स्मारक बांधूं. मे १९२० मध्यें ब्रिटिश पार्लमेंटांत ह्यावर वाद झाला. आयोगाचें उत्तर असें होतें कीं, जे बरोबरीनें लढले व बरोबरीनें मेले, ते बरोबरीनें निजावेत. अखेर तेंच ठरलें. सेनापतीचा दगड व भिस्त्याचा दगड सारखा, सुमारें पावणेतीन फूट उंचीचा.

दगडांवरील वचनें निवडण्याचें काम रडयार्ड किप्लिंग ह्या साहित्यिकाकडे होतें. त्याचा जन्म १८६५ सालीं मुंबईंत झाला, व त्याचा एकुलता एक मुलगा १९१५ सालीं फ्रान्सांत नाहींसा झाला. पित्याच्या हयातींत त्याची कबर सांपडली नाहीं. मोठ्या स्मारकशिळांसाठीं त्यानें सिराखाच्या ग्रंथांतून, ह्यांचें नांव पिढ्यानुपिढ्या राहील अशा अर्थाचें वचन निवडिलें. आणि ज्यांची ओळख पटली नाहीं त्यांच्या थडग्यांसाठीं, ह्यास देव ओळखतो अशा अर्थाचे शब्द दिले. ज्याच्या स्वतःच्या मुलास थडगें नव्हतें, त्यानेंच दुसऱ्यांच्या मुलांसाठीं हे शब्द शोधिले.

आपल्या वाचकांपैकीं कोणी पुण्यास गेले तर त्यांनीं खडकी येथील युद्धसमाधिस्थान अवश्य पाहावें. तेथें दुसऱ्या महायुद्धांतील सोळाशेंहून अधिक सैनिक निजले आहेत. त्या रांगांमधून चालत गेलें असतां सरदार कोणता व शिपाई कोणता, हें दगडाच्या उंचीवरून ओळखतां येत नाहीं.

४. नांवाच्या जागीं आंकडा

तत्त्व उत्तम होतें. परंतु तें सर्वत्र पाळिलें गेलें काय? येथें आपल्या मुलखाचा संबंध येतो.

फ्रान्सांत नव्ह शापेल येथें मार्च १९१५ मध्यें हिंदी शिपाई मोठ्या शौर्यानें लढले. तेथील हिंदी स्मारकाचें अनावरण ७ ऑक्टोबर १९२७ रोजीं झालें, व ज्यांची कबर ठाऊक नाहीं अशा ४,७०० हून अधिक हिंदी लोकांचीं नांवें त्यावर कोरिलीं आहेत. युरोपांत, पुष्कळांच्या नजरेसमोर, न्याय झाला.

आतां इराकांतील बसऱ्याकडे पाहा. त्या वेळीं ह्या मुलखास मेसोपोटेमिया म्हणत. पुणें येथें मुख्य ठाणें असलेली सहावी डिव्हिजन तेथें लढली. तींत १०३, ११० व ११७ ह्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्यें टेसिफॉन येथें त्यांची मोठी हानि झाली. त्यानंतर ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कूत येथें त्या वेढ्यांत सांपडल्या. अन्न संपल्यावर सैन्यास शरण जावें लागलें, आणि कैद्यांपैकीं पुष्कळ जण उन्हांतील वाटचालींत व छावण्यांत मेले. हे शिपाई रत्नागिरी, सातारा, पुणें अशा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे मुलगे होते.

ज्यांच्या कबरी ठाऊक नाहींत अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांचें स्मारक बसऱ्यास १९२९ सालीं उभें राहिलें. त्यांत बहुसंख्य हिंदी होते. तथापि त्या भिंतींवर ब्रिटिश शिपायांचीं व हिंदी अंमलदारांचीं नांवें कोरिलीं गेलीं. साध्या हिंदी शिपायाचें नांव मात्र आलें नाहीं. पलटणीचें नांव घालून त्याखालीं इतके जण, असा आंकडा घालण्यांत आला. पूर्वेकडील लोकांस थडग्याचें व नांवाचें तितकें महत्त्व वाटत नाहीं, असा त्या वेळच्या कित्येक अधिकाऱ्यांचा ग्रह होता. आपल्या घरांतील म्हाताऱ्या आजीस विचारिलें असतें, तर तिनें हा ग्रह एका वाक्यांत दूर केला असता.

ही गोष्ट पुष्कळ वर्षें दबून राहिली. अखेर आयोगानेंच नेमिलेल्या समितीनें एप्रिल २०२१ मध्यें अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत असा अंदाज दिला आहे कीं, पहिल्या महायुद्धांतील ४५,००० ते ५४,००० आशियाई व आफ्रिकी मृतांचें स्मरण इतरांच्या बरोबरीनें झालें नाहीं. आणि निदान १,१६,००० लोकांचें, कदाचित् साडेतीन लाखांपर्यंत लोकांचें, नांवानें स्मरण झालें नाहीं किंवा मुळींच झालें नाहीं. ह्यांत ओझीं वाहणारे व सैन्याचे मजूर पुष्कळ होते. वंशभेदाच्या बुद्धीचा ह्यांत मोठा वांटा होता हें अहवालानें स्पष्ट सांगितलें, आणि आयोगानें जाहीरपणें क्षमा मागितली. शंभर वर्षांनीं कां होईना, दोष कबूल झाला हें बरें झालें. तथापि मुलाच्या नांवाची वाट पाहत ज्या मातांनीं डोळे मिटिले, त्यांच्या कानांपर्यंत ती क्षमायाचना पोंचली नाहीं.

आपल्या खेड्यांतूनही ह्याच आंकड्यांची खूण दिसते. महायुद्धानंतर सरकारनें कित्येक गांवीं संगमरवरी पाट्या बसविल्या. ह्या गांवांतून इतके जण महायुद्धास गेले व इतक्यांनीं प्राण दिले, एवढेंच त्यांवर लिहिलेलें असतें. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे गांवचे ४६ जण त्या युद्धांत पडले; त्या गांवास आज लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ ह्याच नांवानें ओळखतात. अशी पाटी पाहून गांवकऱ्यांस अभिमान वाटतो, आणि तो योग्यच आहे. परंतु मुलानें विचारिलें कीं, आजोबा, हे कोण कोण, तर ती पाटी उत्तर देत नाहीं.

५. नांव राहिलें म्हणजे काय होतें

नांव कोरिल्यानें काय साधतें, ह्याचें उदाहरण भीमेच्या कांठीं आहे. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांव येथें पेशव्यांच्या फौजेशीं कंपनी सरकारच्या एका लहान तुकडीची लढाई झाली. तेथें पुढें जो स्तंभ उभा केला, त्यावर कंपनीच्या पडलेल्या शिपायांचीं नांवें घातलीं. त्यांत मराठे, राजपूत, मुसलमान व यहुदी आहेत. आणि ‘नाक’ ह्या प्रत्ययानें संपणारीं महार शिपायांचीं नांवें पुष्कळ आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारनें महारांची सैन्यभरती बंद केली. १९१७ सालीं गरज पडली तेव्हां १११ वी महार पलटण उभारिली, ती १९२१ सालीं मोडिली. पुन्हां १९४१ सालीं महार रेजिमेंट उभी राहिली. ह्या मधल्या काळांत, तुमच्यांत लढवय्ये कोठें होते, असें कोणी म्हटलें तर बोट दाखवावयास तो दगड होता. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर तेथें गेले, व आज दरवर्षीं त्या दिवशीं लाखों लोक तेथें जमतात. त्या लढाईचा अर्थ निरनिराळे लोक निरनिराळा लावितात. तो वाद येथें आपला विषय नाहीं. आपणांस इतकेंच पाहावयाचें आहे कीं, शंभर वर्षें दगडावर टिकलेल्या नांवानें नातवंडांस ताठ मानेनें उभें राहण्यास आधार दिला.

दिल्लीची इंडिया गेट ही कमान १९३१ सालीं उघडली. पहिल्या महायुद्धांत पडलेल्या सुमारें सत्तर हजार हिंदी सैनिकांचें तें स्मारक आहे, व १३,००० हून अधिक नांवें तिच्यावर कोरिलेलीं आहेत. १९७१ च्या युद्धानंतर, २६ जानेवारी १९७२ रोजीं, तिच्या खालीं अमर जवान ज्योति लाविली गेली. स्वातंत्र्यानंतर पडलेल्या वीरांसाठीं जवळच राष्ट्रीय समर स्मारक बांधून २५ फेब्रुवारी २०१९ रोजीं तें राष्ट्रास अर्पण केलें, व २१ जानेवारी २०२२ रोजीं ती ज्योति तेथील ज्योतींत मिळविली. ह्या स्मारकाच्या त्यागचक्रांत प्रत्येक सैनिकाच्या नांवाची वेगळी दगडी वीट आहे. उघडतेवेळीं अशीं २५,९४२ नांवें होतीं. हुद्द्यावरून वीट लहानमोठी केलेली नाहीं. बसऱ्यास जें चुकलें, तें येथें सुधारलें आहे.

६. जे परत आले त्यांचा मान

पडलेल्यांस फुलें वाहावीं आणि परत आलेल्यांस विसरावें, हा अर्धा मान झाला. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडांत हातपाय गमावलेले शिपाई रस्त्यांत आगपेट्या विकीत फिरत. १९२१ सालीं माजी सैनिकांची ब्रिटिश लीजन ही संस्था निघाली, व त्याच वर्षीं तिनें नोव्हेंबर महिन्यांत लाल पॉपीचीं कृत्रिम फुलें विकून पैसा जमविला. पुढच्या वर्षीं तीं फुलें करण्याचा कारखाना निघाला. त्यांत पंगु सैनिकांसच काम दिलें. छातीवर लाविलेलें फूल मृताची आठवण देई आणि जिवंताच्या पोटास भाकर देई.

आपल्या देशांत ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ सालापासून पाळिला जातो. त्या दिवशीं लहान निशाण घेऊन जो पैसा देतात, तो वीरपत्नी, अपंग सैनिक व माजी सैनिकांचीं कुटुंबें ह्यांच्या साहाय्यार्थ जातो. १४ जानेवारी हा माजी सैनिकांचा दिवस म्हणून पाळण्यांत येतो. १९५३ सालीं ह्याच दिवशीं जनरल करिअप्पा सेवानिवृत्त झाले. महाराष्ट्रांत माजी सैनिकांच्या व वीरपत्नींच्या कामांसाठीं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयें आहेत. पुष्कळ विधवांस तेथें जावें हें ठाऊक नसतें, अथवा अर्ज लिहितां येत नाहीं.

७. मंडळीनें काय करावें

पहिलें, गांवांतील नांवें गोळा करावीं. पाटीवर आंकडा असेल तर त्या आंकड्याइतकीं नांवें मिळेपर्यंत घरोघर विचारावें. जुन्या पेट्यांतून पहिल्या महायुद्धाचीं पदकें निघतात. त्यांच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा क्रमांक, नांव व पलटण कोरलेली असते. पेन्शनचे कागद, जुनीं पत्रें, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, हीं सर्व साधनें आहेत. युद्धसमाधि आयोगाची नांवांची यादी आज कोणासही संगणकावर विनामूल्य पाहतां येते. शाळेंतील मुलांस हें काम आवडेल.

दुसरें, जातपात व धर्म पाहूं नये. आपल्या मंडळींतील असो वा नसो, मराठा असो, महार असो, मुसलमान असो, जो ह्या गांवांतून गेला तो ह्या गांवचा. भिस्ती, खेचरवाले, आचारी व ओझेंवाले ह्यांसही वगळूं नये. बहुधा ह्यांचींच नांवें आधीं बुडालीं.

तिसरें, वर्षांतून एक दिवस नेमून तीं नांवें मोठ्यानें वाचावीं व त्यानंतर दोन मिनिटें स्तब्ध उभें राहावें. लांब व्याख्यान करूं नये.

चवथें, त्याच दिवशीं गांवांतील एका तरी वीरपत्नीच्या किंवा म्हाताऱ्या शिपायाच्या घरीं जावें व त्यांचें कोणतें काम अडलें आहे हें विचारावें. अर्ज लिहून देणें, कचेरींत बरोबर जाणें, हाही स्मरणाचाच भाग आहे.

पांचवें, युद्धाची बढाई मारूं नये. जो रणांतून परत आला त्याच्याशीं निवांत बसून बोलावें. तो बहुधा विजयापेक्षां बाजूस पडलेल्या सोबत्याविषयीं अधिक सांगतो. पलीकडच्या बाजूसही कोणाचा तरी मुलगा होता, हें मुलांस शिकवावें.

एकदां नांव बुडालें म्हणजे सरकारास तें परत आणितां येत नाहीं. ज्यांस तें ठाऊक आहे अशीं म्हातारीं माणसें दर पावसाळ्यागणिक कमी होत आहेत. म्हणून हें काम ह्या सालींच हातीं घ्यावें.

मननासाठीं प्रश्न

१. स्मरणासाठीं भाषणापेक्षां शांतता कां निवडिली असावी?
२. अनोळखी योद्ध्याचा हुद्दा व घराणें गुप्त कां ठेविलें?
३. नव्ह शापेल व बसरा येथील स्मारकांत कोणता फरक होता, व तो कशामुळें पडला?
४. आपल्या गांवांतून कोण कोण युद्धास गेले? त्यांपैकीं किती जणांचीं नांवें आपणांस सांगतां येतात?
५. आपल्या गांवांत कोणा माजी सैनिकाचें किंवा वीरपत्नीचें काम अडलें आहे काय? तें कोण करील व केव्हां?